तुझ्या बायकोचं आतडं

९ जानेवारी

ढब्बू,

फोन तू उचलत नाहीस. पत्राला उचलावं लागत नाही, ते येऊन पडतं. कंपनीच्या गेटवर पडलं की गेटवाला तुझ्या नावाने ओरडेल, चार लोक बघतील, मग तुला घ्यावंच लागेल. म्हणून लिहितेय. अक्षर माझं म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीत शाळा सुटली ती सुटली. लागेल तेवढं वाच, पण वाच.

तुझी बायको आजारी आहे हे तुला माहीत आहे. किती आजारी आहे हे माहीत करून घ्यायचं नव्हतं म्हणून तू बदली मागून घेतलीस. शेजारी विचारतात तेव्हा मी सांगते, पगार वाढला म्हणून गेलाय.

डॉक्टर बोलत होते त्या दिवशी तू अर्धंच ऐकलंस. "मुळापासून जात नाही" एवढं कानावर पडलं आणि तू सिगरेट ओढायला खाली गेलास. पुढचं मी ऐकलं. या दुखण्याला क्रोन म्हणतात. कुणा डॉक्टरचं नाव आहे म्हणे. ज्याला सापडतं त्याचं नाव लागतं, ज्याला होतं त्याचं कोण लावतो! बाहेरच्या जंतूंशी लढायला अंगात जी फौज असते ती हिच्या आतड्यावरच उलटलीय. कुंपणच शेत खातंय. आतडं आतून सुजतं, जखमा होतात, रक्त जातं, आणि जखम भरताना ती जागा आवळत जाते.

मी विचारलं, "काय खाल्लं म्हणून झालं?"

"काही खाल्लं म्हणून नाही."

"मग कुणाचं लागलं?"

"हे लागत नाही, मावशी. तिच्या ताटात जेवलात तरी तुम्हाला होणार नाही."

हे तुझ्यासाठी लिहिलं. तू तिचा पेला वेगळा काढून खिडकीत ठेवायचास ना, तो मी आत आणून आपल्या पेल्यांत ठेवला. आता कुठला तिचा ते मलाही ओळखू येत नाही.

ते असंही म्हणाले की औषधाने हे दबतं. वर्षानुवर्षं दबून राहतं, माणूस कामाला जातो, पोरंबाळं होतात. सिगरेट जरा उशिरा पेटवली असतीस तर हेही ऐकलं असतंस.

मलाही आधी नखरेच वाटले. बसस्टँडच्या तिकीटखिडकीवर बसणारी बाई रांग सोडून सारखी "खिडकी बंद" पाटी लावून पळते, म्हणजे काय? साहेब म्हणाला, तुमची खिडकी बंदच जास्त, तुम्ही घरीच बसा. मग घरी ती माझ्याआधी उठून आपले कपडे आपण धुवायला लागली. मला बरं वाटलं, सून कामाला लागली म्हणून. एक दिवस मोरीत तिची बादली राहिली. लॉजच्या चादरी धुण्यात माझा जन्म गेला, ढब्बू. कुठला डाग कशाचा हे मला बघावं लागत नाही. तिला म्हटलं, "रक्ताला थंड पाणी लागतं हे तुला कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "तुम्हीच. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात."

थंडी आहे तिकडे असं ऐकते. कानाला काहीतरी गुंडाळत जा.

— आई


२ फेब्रुवारी

ढब्बू,

उत्तराची वाट बघते असं समजू नकोस. पोस्टमन दारावरून जातो म्हणून विचारते, एवढंच.

सध्या मी घरीच आहे. लॉंड्रीतल्या इस्त्रीवाल्याशी वाजलं माझं, म्हणून सुट्टी टाकली. दुसरं काही कारण नाही.

तिच्या खाण्याचं सांगते. आतडं चिडलेलं आहे तोवर चोथा बंद. साल नाही, बी नाही, कच्चं नाही, दाणे नाहीत. मऊ भात, उकडलेला बटाटा, अंडं, गाळलेलं सूप. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, चिमणीला घालतात तसं. मी जन्मभर समजत आले की चोथ्याने पोट साफ होतं. म्हणून आधी काकड्या न् गाजरं चारली. हिचं आतडं आवळलेलं, त्यात गाजराचा चोथा, म्हणजे मोरीच्या जाळीत केसांचा गुंता. पोट धरून गडाबडा लोळली. आता सगळं गाळते. गाळणं फाटलं, लॉंड्रीतून जुनं मलमल आणलं.

तोंडात फोड आलेत, गुडघे धरलेत, संध्याकाळी अंग तापतं. तरी तोंड चालतं बाईचं.

"आई, यात मीठ नाही."

"तोंडात फोड असताना मीठ? झोंबलं की माझ्या नावाने बोंब मारशील."

"बोंब मारायला ताकद कुठेय?"

"मग गीळ. ताकद येऊ दे, मग मार."

हसली. हसताना पोट दाबून धरते.

आता मुद्द्याचं. डॉक्टर म्हणतात आतड्याचा एक तुकडा फार आवळलाय, तो कापून काढू. कदाचित काही महिने पोटावर पिशवी लावावी लागेल, शी पोटातून पिशवीत पडेल. पुढे जमलं तर परत जोडतील. आता शांतपणे करू, म्हणाले. थांबलो आणि आतडं फुटलं तर जीव वाचवायची घाई होईल.

ती नाही म्हणते. मी ओरडून झालं, हात जोडून झालं. मग म्हणाली, "ते मे महिन्यात बघू म्हणालेत ना यायचं. त्यांना असं कसं दाखवू? गोळ्यांनीच बरी होते की नाही बघा."

तर मी तुला एकच विचारते. तू येणार आहेस का? येणार असशील तर आत्ता ये आणि तिच्यासमोर उभा राहून सांग की पिशवी लागली तरी चालेल. नसशील येणार तर तेही सांग. रडेल, आपटेल, पण सही करेल. मधे लोंबकळत ठेवू नकोस. तुझ्या एका "बघू"वर ती आपलं आतडं टांगून बसलीय.

जेवतोस ना वेळेवर?

— आई


१९ फेब्रुवारी

ढब्बू,

तू तिला फोन केलास, तोंड दिसतं तो. माझं पत्र पोचलं म्हणून केलास असं मी समजले. मला वाटलं, आता बोलेल. मी मुद्दाम भांडी घासायला गेले, तुम्हाला बोलता यावं म्हणून. मोरी काही लांब नाही.

तू हसत म्हणालास, "काय गं, भोपळा झालीस की! ओळखूच आली नाहीस."

ती पण हसली. मग तू म्हणालास, "जरा माणसात ये, मग येतो."

तोंड गोळ्यांनी सुजतं, ढब्बू. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की चेहरा गोल होईल, घाबरू नका, पण या गोळ्या एक दिवससुद्धा आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. अंगाला त्यांची सवय लागते. उतरवायच्या त्या आम्ही सांगू तशा, पायरी पायरीने.

खिसे तपासल्याशिवाय मी कुणाचा कपडा पाण्यात टाकत नाही. परवा तिच्या गाऊनच्या खिशात कागदाची पुडी लागली. आत गोळ्या. ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या, तोंडात धरून परत काढलेल्या. मी समोर उभी राहून पाणी द्यायचे, ती माझ्यासमोर घ्यायची, आणि मी वळले की...

पुडी घेऊन आत गेले. हातच उगारला होता मी तिच्यावर. ती अंथरुणावर बसली होती, हातात आरसा. मला म्हणाली, "आई, बघा ना. उतरलं ना थोडं तोंड?"

उतरलं होतं. खरंच उतरलं होतं. बाकीही सगळं उतरलं होतं. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे, कपाळ ओलं. उठायला गेली आणि दारातच कोसळली. खालच्या शिंपीकाकांनी आणि मी मिळून रिक्षात घातली. आता दवाखान्यात आहे. सलाईन लावलंय. मोठा डॉक्टर माझ्यावर खेकसला, "घरात कुणी लक्ष देत नव्हतं का?" काय सांगू? लक्ष होतं, पण लेकाचा फोन आला होता?

मला तुझ्याशी आणखी काही बोलायचं नाही.

— आई


२६ फेब्रुवारी

आतडं फुटलं.

सकाळी कळवळायला लागली ती नेहमीसारखी नाही. पोट लाकडासारखं कडक. सिस्टर आली, हात लावला आणि पळतच गेली. मग सगळेच पळायला लागले.

तुला फोन केला. वाजला आणि कापला गेला. पुन्हा केला. पुन्हा कापला. म्हणून हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा खाली घेऊन.

कागद घेऊन एक तरुण डॉक्टर आला. "नवरा कुठेय?"

मी म्हटलं, "बाहेरगावी."

"मग सही कोण करतंय? तुम्ही कोण?"

"सासू."

तो घुटमळला. ती स्ट्रेचरवरून म्हणाली, "पोट माझंय. आणा इकडे." पेन हातात राहीना. मी तिचं मनगट धरलं, ओढलं नाही, नुसतं धरलं. सही तिची तिने केली. डॉक्टरने पिशवीचं विचारलं, तेव्हा डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. हो म्हणून.

आत नेताना मला म्हणाली, "त्यांचा फोन आला तर सांगा, झोपलीय."

तिच्या भावालाही कळवलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता ती तुमच्या घरची. आम्हाला झेपणार नाही." म्हणजे तो निदान बोलला तरी.

दार अजून बंद आहे. समोर एक म्हातारा केळं खात बसलाय. मला विचारतो, मुलगी का? मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार!


२० मार्च

ढब्बू,

जगली. तुला वाटलं असेल की मी लिहीत नाही म्हणजे काहीतरी झालं, तर तसं नाही, वेळ नव्हता. मधे जखमेत पू झाला, ताप चढला, डॉक्टर नुसते मान हलवायचे. आता घरी आणलीय. हाडांवर कातडं पांघरल्यासारखी दिसते.

पिशवी आहे. सांगून टाकते, मग तुझं तू नाक मुरड. पोटावर उजव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढलंय. लाल, ओलं, आपल्या ओठाच्या आतल्या बाजूसारखं. त्याला दुखत नाही. दुखते ती भोवतालची कातडी, कारण आतून येतं ते पातळ आणि जळजळीत. म्हणून भोवती चिकटपट्टीची चकती लावायची, भोक बरोबर त्या तोंडाच्या मापाचं कापायचं आणि तिच्यावर पिशवी बसवायची. पूर्ण भरू द्यायची नाही, वजनाने सुटते. पाणी न् मीठ सारखं पोटात जायला हवं, नाहीतर बाई आतून वाळते. आता मीठ खा म्हटलं की म्हणते, "तेव्हा मागितलं तेव्हा दिलं नाहीत."

मी एक घोळ घातला. पिशवी बदलताना ती कातडी मी स्वच्छ करायचे. माझं स्वच्छ तुला माहीत आहे. साबण, गरम पाणी, परत साबण, कातडी कुरकुर वाजेपर्यंत. आणि पिशवी टिकेना. बसवली की सुटायची. सगळं अंथरुणात. जितकी सुटायची तितकं मी जास्त घासायचे. कातडी सोलून लाल झाली. ती दातात पदर धरून बसायची, मी म्हणायचे, हलू नकोस.

दवाखान्यात नेलं. तिथली कडक सिस्टर, सगळे घाबरतात तिला. तिने बघितलं आणि मला विचारलं, "काय लावता?"

मी सांगितलं.

"मावशी, हे पोट आहे, चादर नाही. साध्या पाण्याने पुसा आणि कोरडं करा. साबणाचा थर राहतो, त्यावर काय चिकटणार, कपाळ?"

मी म्हटलं, "मला घाण आवडत नाही."

"ही घाण नाही. हिचं जेवणच आहे, रस्ता बदललाय."

तेव्हापासून नुसतं पाणी. कातडी भरत आली. पण नुसत्या पाण्याने पुसताना माझा हात अजून साबणाकडे जातो.

लॉंड्रीत अर्ध्या दिवसासाठी जायला लागले. मालकीण म्हणाली, एवढे दिवस सुनेसाठी बसलात, लोक आईसाठी बसत नाहीत. मी म्हटलं, इस्त्रीवाल्याशी भांडण होतं.


८ एप्रिल

रविवारी तू आला होतास.

मला शिंपीकाकांनी सांगितलं. तू पेरूंची पिशवी त्यांच्या मशीनवर ठेवलीस, म्हणालास, "वर जाऊन येतो," आणि लगेच खाली आलास. ते म्हणाले, "वहिनी, मी विचारलं, का रे, कुणी नाही का घरात? तर म्हणाला, काका, मी आलो होतो असं सांगू नका." बिचाऱ्यांनी तीन दिवस पोटात ठेवलं. मग पेरू सडायला लागले आणि त्यांना राहवेना.

त्या वेळी आम्ही पिशवी बदलत होतो. दार उघडं होतं, वारा यावा म्हणून. मी दाराकडे पाठ करून जमिनीवर बसले होते आणि तिला झापत होते, कारण ती भोक बघायच्या ऐवजी भलतीकडेच बघत होती. तेवढ्यात तू आलास. बघितलंस. गेलास.

एवढ्या लांबून आलास, ढब्बू. एक उंबरठा राहिला होता.

मी तिला सांगितलेलं नाही. ती अजून संध्याकाळी केस विंचरून फोन उशाशी घेऊन बसते. आता तूच तिला फोन कर. येणार नाही, हे तोंडाने सांग. गोड बोलून सांग, शिव्या देऊन सांग, कसंही सांग. हे पत्र तुला मिळेल त्या दिवसापासून मी वाट बघेन. मग मी सांगेन, आणि मला गोड बोलता येत नाही.

पेरू शिंपीकाकांच्या नातीला दिले. बियांचं फळ आणलंस. एक पत्र तरी उघडलंस का?


२१ एप्रिल

तुझा फोन आला नाही. मी सांगितलं.

ती चकतीला भोक कापत होती. आता तिचं तीच कापते, मी नुसती आरसा धरते. मी म्हटलं, "दोन आठवड्यांमागे, रविवारी, तो येऊन गेला. दारातून."

ती कापतच राहिली. कापून झाल्यावर म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दिसले मला. तुमच्या खांद्यावरून. नाकावर हात होता."

माझ्या हातून आरसा पडायचा राहिला. "आणि तू बोलली नाहीस? मी वळून एक ठेवून दिली असती!"

"म्हणूनच. तुम्ही मला झापत होतात. म्हटलं, झापू देत. तुम्ही वळून बघायला नको होतं."

इतके दिवस ती माझ्यासाठी केस विंचरून फोन उशाशी घेत होती. मला वाटावं की तिला अजून आशा आहे, म्हणजे माझीही टिकेल. आणि मी तिच्यासाठी तोंड शिवून बसले होते. दोन वेड्या एका घरात.

मग म्हणाली, "आई, मी कुठे जाऊ आता?"

"कुठे म्हणजे?"

"भाऊ घेणार नाही. ते नाहीत तर मी या घरात कोण?"

"ते मला काय विचारतेस, मी वकील आहे? ती चकती चिकटव आधी, वाळतेय."

"आई, मी खरंच विचारतेय."

"मीही खरंच सांगतेय. चिकटव. आणि पुढच्या महिन्यापासून खिडकीवर परत घेतात का ते साहेबाला विचार. डॉक्टर हो म्हणालेत. एकीचा पगार दोघींना पुरत नाही."

तेव्हा रडली. पोट धरून नाही, दोन्ही हात मोकळे सोडून. मी तशीच आरसा धरून बसले. डोळ्यांत साबण गेला म्हणायची सोय नव्हती, साबण घरात लावतच नाही आता.

डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यापर्यंत वजन भरलं तर आतडं परत जोडून बघू. बघू, म्हणाले. आणि जोडलं तरी दुखणं दुसऱ्या जागी उठू शकतं. पुन्हा कापाकापी होऊ शकते. तिला सगळं सांगितलंय. तिने ऐकलं, सिगरेट ओढायला गेली नाही.

तुझं कपाट रिकामं केलं. तिच्या पिशव्यांची खोकी ठेवायला जागा लागते. तुझे कपडे धुतले, इस्त्री केली, बटणं तुटली होती ती शिंपीकाकांकडून लावून घेतली. गठ्ठा लॉंड्रीत ठेवलाय. घरी येऊ नकोस. तिकडे ये, आणि मागच्या दाराने माझ्याकडे आत येऊ नकोस, लहानपणी यायचास तसा. समोरून ये, गिऱ्हाईकं येतात तिकडून. रांग असेल तर उभा राहा.

मी असेन तर मीच काढून देईन.